ओतीव जाळी

ही जाळी मी स्वतः ओतली,
उद्यमबागेत, नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात,
मालकाला विचारून. खोटं कशाला, अर्धंच विचारून.
पंपांचे साचे भरून झाले होते,
एक पेटी उरली, थोडी वाळू उरली,
लाडलच्या तळाशी लालभडक चार किलो लोखंड,
आणि दुसरं काय करावं ते सुचेना.

एका गजात हवेचं भोक राहिलं.
चार वर्षं ती न्हाणीच्या दारात पडून,
तिच्यावर पाय घासून आम्ही घरात यायचो.

सटुप्पा सुट्टीवर आला.
कळंगुटला कुणाच्या तरी शॅकमध्ये
परक्यांच्या कोंबड्या भाजतो तो.
चप्पल काढता काढता वाकला, म्हणाला,
"बाबा, हे ग्रिल हाय की!"
मी म्हटलं, "पायपुसणं हाय. खरं तुला पायजे तर घे."

तारेच्या ब्रशानं दुपारभर घासली त्यानं.
मांड्यांना सुरीचे तिरके काप,
लिंबू, ठेचलेला लसूण, भरड मिरं, मीठ, तेल.
त्याची आई तिखटाचा डबा घेऊन उभी.
"नको आई."
"मग काय, आजाऱ्यासाठी करूलास?"
आणि डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं.

"आता हिरवा पाला, ताजा पायजे."
कोथिंबीर होती. पुदिना कुंडीत होता.
पानओवा मात्र भिंतीपलीकडं, निंगव्वाच्या परसात,
जाड, लवदार पानं, गल्लीतल्या सगळ्या पोरांच्या खोकल्याची.
ती म्हणते दोड्डपत्री. सटुप्पा म्हणतो,
हॉटेलात ह्याच्या चुलतभावाला ओरेगानो म्हणतात
आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.
"कुणाला खोकला?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, "कोंबडीला."
गळ्यातल्या लिंगावर पदर ओढून घेत हसली ती,
हसत हसतच ओंजळभर खुडून दिली.

कोळसा मी पेटवला. तिथं मी कुणाचं ऐकत नाही.
तीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी
रंगावरून ताप सांगत आलो.
ज्वाळ दिसते तोवर हात लावू नको.
निखाऱ्यानं राखेची साय धरली की ठेव.
पोरगं गप्प उभं राहिलं, चिमटा हातात धरून,
हेल्पर असल्यासारखं.

चरबीचा थेंब, चर्र. पुन्हा थेंब.
काळे पट्टे उमटले माझ्या गजांच्या मापाचे,
आणि भोकाच्या जागी एक पट्टा तुटलेला.
तेवढं मलाच दिसलं.

"चीज कधी?"
"शेवटी, बाबा. शेवटी."
कॅम्पातून आणलेली पिवळी लादी, किसलेली,
तिच्यात बारीक चिरलेला तिन्ही पाला.
आधी कडा खचल्या,
मग मधला ढीग बसला,
मग सगळंच हळू सरकायला लागलं कापांतून आत.
मी श्वास धरला.
वितळलेलं काही साच्यात उतरताना
कुणी बोलायचं नसतं.
ही म्हणाली, "दुखतंय काय कुठं?"

तेवढ्यात भिंतीवरून आवाज,
"एन् वासनी री इदु!"
वासनी म्हणजे तिच्याकडं नुसता वास.
आमच्याकडं हा शब्द जरा सांभाळून वापरतात.
ती खात नाही, खाणारही नाही,
खरं भांडी विसळत बराच वेळ तिथंच होती.
शेवटी एवढंच विचारलं, "पानं करपली तर नाहीत ना?"

ही म्हणाली, तिखट असतं तर बरं झालं असतं,
आणि तिसरा तुकडा घेतला.
सगळे उठल्यावर मी भोकात अडकलेलं चीज
नखानं उकरून खाल्लं.
थोडी राख, थोडा ओवा.

सोमवारी पहाटे सटुप्पा चोर्ल्याच्या गाडीनं गेला.
मी जाळी उचलून दारात टाकायला निघालो,
तर हिनं हातातून घेतली, तेल लावलं,
शिंकाळ्याच्या खिळ्याला टांगली.

आता पाय कशावर घासायचे
ते अजून ठरलेलं नाही.